बारा साखळ्या आणि एक भोंगा

मोहाची फुलं गळायला लागली की माझ्या उजव्या खांद्यावर साखळीचं वजन जाणवायला लागतं. आता खरं सांगायचं तर साखळी मी कधी खांद्यावर घेतलेलीच नाही. ती डोमाजी वाहायचा, आमचा साखळीवाला. मी पुढं चालायचो, डोक्याला रुमाल बांधून, बगलेत नकाशाची नळी धरून, आणि मागून त्या शंभर कड्यांचा छन्न छन्न आवाज यायचा. डोमाजीच्या खांद्यावरचं ओझं माझ्या आठवणीनं माझ्या खांद्यावर कधी आणून ठेवलं, तिचं तिलाच ठाऊक. दुसऱ्याच्या घामावर आपलं नाव टाकायची खोड माझ्या आठवणीलाही लागलेली दिसते. मालकावरच गेली आहे.

आज सकाळी कारध्याहून सायकलीवर पूल ओलांडताना समोरून दोन बाया मोहफुलांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन आल्या. वैनगंगेवरच्या वाऱ्यानं तो वास अंगावर आणून टाकला. गोड, जड, थोडासा शिळा, तोंडात पाणी आणणारा आणि त्याच वेळी डोकं चढवणारा. मी कचेरीत पोचलो तो त्या वासासकट. आणि साहेबांनी बोलावून सांगितलं, हंगाम संपता संपता जिल्ह्यातल्या सगळ्या मोजणीदारांचा मेळावा भरवायचा आहे. आपल्या कामाची लोकांना ओळख नाही, आपल्याला समाजात नाव नाही, ते कसं होईल यावर कोणीतरी बोलायला हवं.

"तुम्हीच बोला," साहेब म्हणाले. "तुमचं तोंड चालतं."

माझं तोंड चालतं ही गोष्ट खरी आहे. ते कुठं कुठं चाललं आणि कोणाच्या शेतातून गेलं, हे साहेबांना माहीत नाही.

आमचा हंगाम शेतकऱ्याच्या हंगामाच्या उलटा. त्याचं धान घरात गेलं, त्याच्या पाठोपाठ धानाच्या बांध्यांमधलं लाखोळीचं कडधान्य निघालं, की आमचा सुरू. चिखल वाळून दगड झालेला असतो. धानाची धसकटं चपलेच्या तळव्यातून टोचतात. तलावाचं पाणी मागं सरकलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर बगळे आमच्यासारखेच अंतरं मोजत उभे असतात. रानात पळस पेटलेला. लांबवर कोणीतरी लाल झेंडी धरून उभा, आणि मी फळीच्या टेबलावर वाकून, एक डोळा मिटून ओरडतोय, "डावीकडं घे! आणखी! अरे, तुझ्या डावीकडं नाही, माझ्या!" दुपारी एखाद्या मोहाखाली बसून भात आणि झिंग्यांची चटणी. तेव्हा सव्विसावं वर्ष होतं आणि वाटायचं की सगळा जिल्हा माझ्या नकाशाच्या नळीत गुंडाळून ठेवलेला आहे.

फक्त हे जिल्ह्याला माहीत नव्हतं.

तुमसरच्या पुढं बपेऱ्याच्या बाजूला एका गावात मी टेप उलगडली, तर एक म्हातारी घरात जाऊन कापड घेऊन आली. म्हणाली, "नातवाचा सदरा शिव ना बाप्पा, पोटाशी ढिला ठेवजो." दुसऱ्या एका गावात आम्हाला बघून पोरं झाडावर चढली, कारण आदल्या आठवड्यात देवीच्या लशीवाला येऊन गेला होता. पटवाऱ्याला खुर्ची मिळे, ग्रामसेवकाला चहा मिळे, आणि मोजणीदाराला मिळे तो प्रश्न, "तुमी कोण जी?"

मुलगी बघायला गेलो तेव्हा तर कहर झाला. मुलीच्या बापानं विचारलं, नोकरी काय?

"मोजणीदार."

"म्हणजे पटवारी."

"नाही. पटवारी लिहितो. मी मोजतो."

"म्हणजे पटवाऱ्याच्या हाताखाली."

मी अर्धा तास त्यांना समजावून सांगितलं की जमिनीवर आधी मोजणीदार येतो आणि मग जमीन कागदावर जाते, आम्ही नसतो तर पटवाऱ्याला लिहायला काही उरलं नसतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मला पोहे खाऊ घातले आणि मुलगी पटवाऱ्याला दिली. पुढं माझं लग्न झालं ते एका पोस्टमनच्या मुलीशी. चालून चालून पोट भरणाऱ्या माणसाला चालणाऱ्याची कदर असते.

त्या पोह्यांनी मला पेटवलं. आपल्या धंद्याचं नाव करायचं. मी नागपूरच्या एका पेपरला पत्र लिहिलं, मथळा 'भूमापकाची उपेक्षा'. छापून आलं. खाली नाव होतं, 'एक वाचक'. मग ठरवलं की कागद बस झाला, आता लोकांच्या डोळ्यांसमोरच काहीतरी करून दाखवायचं.

ही आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. लाखनीपासून सडक सोडून दोन कोस आत एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, त्याला माझ्यामुळे आधीच पुरेसं नाव मिळालेलं आहे. शिवरात्रीच्या सुमारास तिथं शंकरपट भरे. बैलांच्या जोड्या पळवायला चारपाच कोसांवरून लोक येत, आणि आमचा मुक्काम नेमका त्याच गावच्या शाळेत पडला होता. मी सरपंचाला गाठलं. म्हटलं, जोड्या सुटायच्या आधी, सकाळच्या प्रहरी, लोकांना एक मोजणी करून दाखवतो. मी भोंग्यावरून समजावून सांगेन, साखळी कशी टाकतात, नकाशावरची रेघ जमिनीवर कशी उतरते. सरपंच म्हणाला, "करा की. बैलं येईपर्यंत लोकाइले टाइमपास पाहिजेच."

टाइमपास हा शब्द मला लागला, पण भोंगा मिळत होता.

मोजायचं काय, हा प्रश्न होता. मी फार हुशारीनं विचार केला. ज्या हद्दीचं भांडण आहे ती मोजली तर मारामारी होईल. म्हणून भांडण नसलेला धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, शोधला. पटाच्या मैदानाला लागूनच दोन शेतं होती, एक बकारामचं, एक उष्टूजीचं. दोघं बालपणापासूनचे दोस्त. मधल्या धुऱ्यावर तूर पेरत. एक साल ती बकारामच्या घरी जाई, दुसऱ्या साली उष्टूजीच्या. कोणाचं साल आहे हे दोघंही विसरत आणि मग दोघांच्याही बायका मिळून तोडत. असा धुरा. मी विचारायला गेलो तेव्हा दोघं त्याच धुऱ्यावर बसून तंबाखू चोळत होते.

"मोजा ना साहेब," बकाराम म्हणाला. "आमचं काय जाते? निघालाच वाकडा तर या उष्ट्याची मान वाकडी हाय म्हणून निघन."

उष्टूजी हसला नाही. तो उभा राहिला, धुऱ्यावर पाय रोवून त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. "हा धुरा माह्या बापानं घातला जी," तो म्हणाला. "पळसाच्या मुळ्यांचा दोर वळला, तीन दिवस लावला, अन् मंग माती टाकली. लोकं हासत होते, म्हणे धुरा हाय का मंदिर हाय? पन तुमी पाहा. पान्यानं गावातले समदे धुरे हालले, हा नाई हालला."

मग जरा लाजत म्हणाला, "साहेब, बरोबर निघाला तर भोंग्यात बुढ्याचं नाव घ्याल का?"

"म्हणजे काय! घेणारच," मी म्हणालो. त्यानं बापाचं नाव सांगितलं. मी ते सरकारी रीतीनं, मधे 'वल्द' घालून आजोबांच्या नावासकट, वहीच्या कव्हरावर लिहून घेतलं.

पटाच्या दिवशी सकाळी भोंग्याची बैलगाडी गावाबाहेरच्या नाल्यात रेतीत रुतली. कर्णे, बॅटऱ्या, मशीन, सगळं तिच्यावर. माणसं चाकाला लागली, गाडी हलेना. दोर आणायला कोणीतरी धावलं. आणि काठावर उभी असलेली तीसेक माणसं बघून माझ्या डोक्यात दिवा लागला. इथंच का नाही सुरुवात करायची?

"डोमाजी, साखळी आण," मी म्हणालो.

डोमाजी तेव्हा पन्नाशीचा असेल. साखळीला तो पोरीसारखं जपायचा. रोज संध्याकाळी फडक्यानं पुसून, कडी न् कडी बघून ठेवायचा. "साहेब, हे मोजाची हाय," तो म्हणाला. "ओढाची नाई."

"सरकारी पोलाद आहे. दुहेरी कर आणि बांध."

दुहेरी करून बांधली. दहा माणसांनी ओढली. गाडी वर आली. लोकांनी आरोळी ठोकली, आणि मी तिथल्या तिथं सांगितलं की ही मोजणीखात्याची साखळी आहे, ही तुटत नाही आणि चुकत नाही. डोमाजी खाली बसून एकेक कडी बोटांनी चाचपत होता.

"साहेब, शाळेत खुंट्यावर लावून पाहू एक खेप," तो म्हणाला. शाळेच्या पटांगणात आम्ही पोलादी टेपनं मोजून दोन खुंट्या ठोकल्या होत्या, बरोबर सहासष्ट फुटांवर. साखळीची लांबी त्यांच्यावर लावून तपासायची असते. लोखंड ताणतं, जोडाच्या गोल कड्या फाकतात. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला चांगलं माहीत होतं.

"उशीर होतोय," मी म्हणालो. "लोक थांबलेत."

लोक खरंच थांबले होते, फक्त बैलांसाठी.

पण पंधरा मिनिटांत मी त्यांना बैल विसरायला लावले, हे मात्र सांगतो. एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात माईक. तलावाच्या पाळीवर, बकारामच्या शेताच्या कडेला हद्दीचा जुना दगड होता. नकाशाप्रमाणे तिथून सरळ बारा साखळ्यांवर दोघांची हद्द. मी सांगत होतो आणि डोमाजी साखळी टाकत होता. "एऽऽक!" तो ओरडे. भोंग्यातून मी म्हणे, "एक!" आणि मागून पोरं म्हणत, "एक!" पाचव्या साखळीपासून सगळा जमाव आकडे म्हणायला लागला. अकरा झाल्या. उष्टूजी धुऱ्यावर उभा होता. धुतलेलं धोतर, नवी टोपी. बापाच्या नावासाठी तयार होऊन आला होता.

बारावी साखळी धुऱ्यावर थांबली नाही. धुऱ्याच्या पलीकडं, उष्टूजीच्या बांधीत, चार फूट आत जाऊन थांबली.

त्या क्षणी खरा मोजणीदार काय करतो? तो नकाशा गुंडाळतो, उद्या पुन्हा मोजू म्हणतो. साखळी तपासतो. माझ्या हातात माईक होता. मी काय केलं ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण ते वाक्य मला फार आवडलं होतं. मी म्हणालो, "बघा मंडळी! एवढ्या वर्षांत कोणाच्या डोळ्यांना दिसलं नाही, ते सरकारी साखळीनं बारा पावलांत दाखवलं! हा धुरा चार फूट सरकवलेला आहे!"

टाळ्या पडल्या. आयुष्यात माझ्या धंद्याला पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या. आणि टाळ्यांच्या मागून कोणीतरी ओरडलं, "काहून गा उष्ट्या, बुढा रातच्याला धुरा कोरे का?" मोठा हशा झाला.

ज्याला गावात राहायचं आहे त्याला धुरा कोरणारा म्हणणं म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या वाचकांना कसं सांगू? चोर म्हटलं तर माणूस भांडेल. धुरा कोरणारा म्हटलं की तो खाली जमिनीकडं बघतो. उष्टूजीनं खाली बघितलं. मग टोपी काढून हातात घेतली. बकाराम त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, तर तो बाजूला झाला. तेवढ्यात जोड्या आल्याची हाळी झाली आणि जमाव धावला. मी माईक परत केला. चारसहा लोकांनी मला चहाला बोलावलं. त्या दिवशी मला त्या गावात खुर्ची मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर डोमाजी पटांगणात उकिडवा बसलेला. साखळी दोन खुंट्यांवर लावलेली, तिचं टोक खुंटीच्या पुढं गेलेलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी टेप लावली. चार इंच.

चार बारे अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस इंच म्हणजे चार फूट. गणित एवढं सोपं होतं की आकडेमोडीला कागदही लागला नाही. पळसाच्या मुळ्यांचा दोर बरोबर होता.

"चाला साहेब," डोमाजी म्हणाला. "भोंगा आजून सरपंचाच्या घरीच हाय. गाडी दुपारी जाते."

"थांब," मी म्हणालो.

काय विचार केला असेल मी? मला वाटलं, कालच तर नाव झालंय. आज जाऊन सांगितलं की साखळी ताणली होती, आणि ती भोंग्याची गाडी ओढताना ताणली, तर हसून हसून लोक लोळतील. मोजणीदार म्हणजे काय हे त्यांना कायमचं कळेल. या गावात पुन्हा कोणी कुठल्या मोजणीवर विश्वास ठेवणार नाही. माझं जाऊ द्या, खात्याचं काय? असा मी खात्याचा विचार केला. स्वतःच्या तोंडाचा विचार करताना माणूस नेहमी खात्याचा विचार करतो. म्हटलं, चार फुटांचाच तर प्रश्न आहे, दोस्त आहेत, मिटवून घेतील. नंतर सवडीनं येऊन सांगू.

डोमाजीनं हातोडीनं कड्या ठोकून नीट केल्या. दिवसभर काम केलं, पण साखळी टाकताना त्यानं आकडे मोठ्यानं म्हटले नाहीत. मला जवळ जाऊन विचारावं लागे.

गाव सोडताना उष्टूजी वाटेवर उभा होता. मी मनात चारपाच उत्तरं जुळवली. वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "साहेब, तुमची साखळी खोटी नसते ना?"

डोमाजी माझ्याकडं बघत होता.

"सरकारी साखळी आहे," मी म्हणालो.

"मंग बुढ्यानंच केलं असन," उष्टूजी म्हणाला. "आमाले मालूम नवतं जी." आणि त्यानं मला हात जोडले.

माझ्या धंद्याचं याहून मोठं नाव कधीच झालं नाही. एका माणसानं स्वतःच्या बापापेक्षा माझ्या साखळीवर जास्त विश्वास ठेवला.

पुढं बदली झाली, तुमसर तालुक्यात. तिथून दुसरीकडं. दर हंगामात पळस फुलला की ठरवायचो, या खेपेला जायचं. तीन पोस्टकार्डं लिहिली. उघडं कार्ड पोस्टमास्तर वाचेल, म्हणून फाडली. बंद पाकीटही मिळतं हे मला, पोस्टमनच्या जावयाला, सुचलं नाही! डोमाजी सेवेतून मोकळा झाला त्या दिवशी आम्ही त्याला धोतरजोडी दिली. मी भाषण केलं, सगळ्यांना हसवलं. निघताना तो मला एवढंच म्हणाला, "साहेब, ते राहिलंच." मी म्हणालो, हो, राहिलं. दुसऱ्या साली तो गेला.

गेल्या वर्षी लाखनीच्या पलीकडं एक मोजणी निघाली आणि मी एकटाच, नवी पोलादी टेप घेऊन त्या गावी गेलो. धुऱ्याच्या जागी दोन धुरे होते. एक जुना, नाकासमोर सरळ. दुसरा चार फूट पलीकडं, उष्टूजीच्या शेतात, घाईघाईनं घातलेला, ठिकठिकाणी ढासळलेला. मधल्या पट्टीत गवत. तूर कुठल्याच धुऱ्यावर नाही. पट्टीच्या मध्यावर मोहाचं एक झाड पुरुषभर वाढलेलं, कोणी न लावलेलं. मी दगडापासून अंतर मोजलं. जुना धुरा बोटभरसुद्धा चुकलेला नव्हता.

बकाराम काठी टेकत आला. त्यानं मला ओळखलं. ओळखणारच. त्या पट्टीला गावात 'साहेबाची पट्टी' म्हणतात, हे त्यानंच सांगितलं.

"त्याच साली जेठात त्यानं नवा धुरा घातला," बकाराम म्हणाला. "मी म्हनलो, अबे, चार फुटानं मी का मालगुजार होतो? तो म्हने, बापाचं पाप हाय, फेडू दे. मी जुना धुरा फोडलो नाई. त्यानं नवा काढला नाई. भांडन एक दिवस नाई झालं साहेब. पन तंबाखू खाले येनं त्यानं बंद केलं. तोंड कसं दाखवू म्हने. पितरपाटात बापाचं पान वाढे तवा मान वर करत नवता."

"उष्टूजी कुठं आहे?"

"दोन साल झाले."

मी टेप गुंडाळायला लागलो. ती नीट गुंडाळली जाईना. शेवटी सगळं सांगितलं, नाला, गाडी, साखळी, चार इंच, डोमाजी. सांगून झाल्यावर बकाराम म्हणाला, "मले सांगून का फायदा? तुमी तवा भोंग्यात सांगतले होते. आता भोंग्यातच सांगा. अन् बुढ्याचं नाव घ्या."

मी कबूल केलं. आणि या खेपेला गेलो, गेल्या महिन्यात, शिवरात्रीच्या पटाला. सरपंच नवा होता. त्यानं हसत माईक दिला. समोर गर्दी, धूळ, फुफाटा, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. मी मनाशी वाक्यं जुळवून गेलो होतो, साधी, सरळ. पण माईक हातात आला आणि शेकडो चेहरे दिसले, आणि माझं हे तोंड. म्हणालो, "मंडळी, बैल चुकला तर त्याला काठी बसते, मोजणीदार चुकला तर त्याला खुर्ची मिळते!"

हशा झाला. मग मला थांबता येईना. रुतलेली गाडी सांगितली, नक्कल करून. डोमाजीचा चेहरा करून दाखवला. ताणलेली साखळी दोन्ही हात पसरून दाखवली. लोक पोट धरधरून हसत होते. धुरा बरोबर होता, चूक माझी होती, हेही सांगितलं, अगदी स्पष्ट सांगितलं, आणि त्यावरही ते हसले, कारण तोवर त्यांना मी जे बोलेन त्यावर हसायची सवय लागली होती. टाळ्या झाल्या. पहिल्यापेक्षा जास्त. बकाराम पुढच्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो हसत नव्हता. कोणीतरी माझ्या हातून माईक घेतला आणि पहिली जोडी पुकारली.

खाली उतरलो तर एक तिशीचा माणूस समोर आला. उष्टूजीचा मुलगा. तीच मान, जरा कललेली.

"साहेब, आज्याचं नाव नाई घेतलं तुमी," तो म्हणाला.

मी वळलो. भोंग्यातून जोड्यांची नावं सुटत होती, राजा-सरजा, हिऱ्या-मोत्या. मी माईकवाल्याला खूण केली. तो म्हणाला, "साहेब, जोड्या सुटल्या, आता नाई."

"माय आली होती आयकाले," मुलगा म्हणाला. "तिकडं गाडीवर बसून हाय."

उष्टूजीची म्हातारी मोहाच्या सावलीत गाडीवर बसली होती. मी जवळ गेलो तेव्हा तिनं पदर डोक्यावर ओढला आणि कानामागं हात धरून विचारलं, "घेतलं का जी, सासऱ्याचं नाव? मले कमी आयकू येते. लोकं तं लय हासले."

मुलगा माझ्याकडं बघत होता. बारातेरा वर्षांपूर्वी असाच एक माणूस माझ्याकडं बघत होता.

"हो माय," मी म्हणालो. "घेतलं."

तिनं दोन्ही हात जोडले. उष्टूजीनं जोडले होते तसेच.

मुलानं बैल जुंपले.

आता या मेळाव्यात मी बोलणार आहे. मोजणीदाराचं नाव लोकांत कसं होईल. काय बोलणार, ते अजून ठरलेलं नाही, आणि माझ्या तोंडाचा भरवसा मला उरलेला नाही. म्हणून इथं, जिथं कोणी मधे हसू शकत नाही आणि माईक काढून घेऊ शकत नाही, तिथं आधी लिहून ठेवतो. जुनी वही शोधून काढली. कव्हर फाटलंय, पण शाई दिसते. तलावाच्या पाळीवरच्या दगडापासून बारा साखळ्यांवरचा तो धुरा बुधाजी वल्द दाजीबा यांनी घातला. पळसाच्या मुळ्यांचा दोर तीन दिवस लावून घातला. तो बरोबर आहे. बुधाजी वल्द दाजीबा.